बाटलीवरचं नाव

"पाणी कुठलं?"

कुणाच्याही घरी गेली की माझी मैत्रीण आधी हे विचारायची. पेला हातात घ्यायची, खिडकीच्या उजेडात धरायची, डोळे बारीक करायची आणि मग विचारायची. कोलकात्यातल्या आम्हा मूठभर मराठी बायकांच्या हळदीकुंकवात दरवर्षी एक तरी यजमानीण यामुळे दुखावली जायची. "अहो, फिल्टरचंच आहे," असं ती बिचारी सांगत राहायची.

एकदा मी चिडून म्हटलं, "आर्सेनिक काय डोळ्यांना दिसतं? रसायनशास्त्रात डॉक्टरेट ना तुझी?"

"पाणी कोण बघतंय?" ती म्हणाली. "पाणी येतं कुठून हे देणारीला माहीत आहे का, ते बघते."

तुम्हीही असं माणूस पाहिलं असेल. त्याचं बरोबर असतं, आणि म्हणूनच त्याचा राग येतो.

आम्ही दोघी पुण्याहून एकाच वर्षी इथल्या प्रयोगशाळेत लागलो. बागबाजारात एका खोलीत राहिलो, आमटीत गूळ किती घालायचा यावरून भांडलो. हुशार ती होती, हे आता लिहायला हरकत नाही. पण बढत्या मला मिळाल्या, कारण पाच-सहा वर्षांतच तिने राजीनामा दिला आणि सियालदह स्टेशनवरून गाडी पकडून गावोगावच्या हातपंपांचं पाणी तपासत हिंडू लागली. पाण्यात आर्सेनिक निघालं की पंपाला लाल रंग, नसलं की हिरवा. रंगाचे डबे आणि ब्रश तिच्या पिशवीतच असायचे, नखं कायम रंगलेली. वर्षभरात कंटाळून परत येईल असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते. ती आयुष्यभर तेच करत राहिली.

मला तिचा हेवा वाटायचा. असूया म्हणा, जळफळाट म्हणा, सगळे शब्द चालतील. माझे शोधनिबंध होते, भिंतीवर मानपत्रं होती, आणि आमच्या गल्लीतल्या मिठाईवाल्यालाही माझं नाव माहीत नव्हतं. तिच्याबरोबर एकदा एस्प्लनेडला पडदे घ्यायला गेले, तर फुटपाथवरचा एक पिशव्या विकणारा धंदा सोडून "दीदी! दीदी!" करत धावत आला. तिच्या कुठल्याशा गावचा होता. पडदे राहिले बाजूला, अर्धा तास तो त्याच्या मावशीच्या पंपाबद्दल बोलत होता. मी शेजारी उभी. शेवटी त्याने मला विचारलं, "मॅडम, पिशवी घ्यायची का?"

माझ्या प्रयोगशाळेतल्या यंत्राची मात्र तिला गरज होती. तिच्याकडचं साधं किट ढोबळ सांगायचं, नेमका आकडा हवा असला की बाटल्या माझ्याकडे यायच्या. प्रत्येक बाटलीवर कागदाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर बंगालीत त्या पंपावर पाणी भरणाऱ्या बाईचं नाव. शेफाली. तिच्या शेजारची मीना. मी शंभरदा सांगितलं की प्रयोगशाळेत नमुन्याला क्रमांक असतो.

"क्रमांक पाणी पितो का गं?" ती म्हणायची.

माझी लेक कॉलेजात होती तेव्हा सुट्टीत चार दिवस तिच्याबरोबर गावात राहून आली. कोलकात्यात वाढलेली पोर, मराठी अडखळत बोलते. घरात शिरताच म्हणाली, "आई, मावशीचं काम खरं खरं आहे. तू पण असं करायचं होतं ना?"

दुसऱ्या दिवशी शेफालीच्या गावच्या बाटल्या आल्या. मी कुणाला न विचारता सगळ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या आणि माझे क्रमांक लावले. कुठल्या क्रमांकाचं नाव काय, याची यादी केली. रागात केली. यादीत दोन नावांची अदलाबदल झाली. शेफालीचा पंप हिरवा झाला, मीनाचा लाल.

रंग दिल्यावर महिन्याभराने पुन्हा जाऊन आपल्या किटने तपासायचं, ही माझ्या मैत्रिणीची पद्धत होती. तिने तपासलं आणि मला फोन केला, "चल माझ्याबरोबर." एवढंच.

शेफालीच्या अंगणात तिने हिरव्या पंपाला लाल रंग फासला. शेफालीचा तीन वर्षांचा मुलगा महिनाभर तेच पाणी पीत होता. शेफाली तिला वाटेल ते बोलली. "दीदी, तुझ्यावर भरवसा ठेवून मी त्याला पाजलं!" ती मान खाली घालून ऐकत होती. "चूक माझी आहे," म्हणाली. मी दोन हात अंतरावर उभी होते.

परतीच्या गाडीत म्हटलं, "चिठ्ठ्या मी काढल्या होत्या."

"माहीत आहे. परत आलेल्या बाटल्यांवर डिंकाचे डाग होते."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुझ्यावरचा त्यांचा विश्वास उडाला असता तर पुढच्या बाटल्या कुठे नेल्या असत्या?" ती म्हणाली आणि झालमुडीचा, तिखट चुरमुऱ्यांचा, कागदी पुडा माझ्यापुढे धरला.

म्हणजे माफ करण्याचा मोठेपणाही तिच्याच वाट्याला.

गेल्या वर्षी ती गेली. आजार छोटासा, पंधरा दिवसांचा. गावातल्या शोकसभेत बायका धाय मोकलून रडल्या, आणि तिथेही मी मनात विचार करत होते की माझ्यासाठी कोण येईल. माणूस मेलं तरी हेवा मरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मागच्या महिन्यात शेफाली माझ्या घरी आली. पिशवीत बाटल्या. आता गावात तीच हिंडते. चिठ्ठ्यांवरचं अक्षर हुबेहूब माझ्या मैत्रिणीचं, शेफालीला लिहायला तिनेच शिकवलेलं. माझं अक्षर कुणी उचललेलं नाही.

मी पाणी दिलं. तिने पेला खिडकीकडे धरला. "मॅडम, पाणी कुठलं?"

"महापालिकेचं," म्हटलं. आणि ती तोंडाला लावणार तेवढ्यात सांगून टाकलं, "शेफाली, तुझा पंप हिरवा झाला ती चूक दीदीची नव्हती. माझी होती. चिठ्ठ्या मी काढल्या होत्या."

तिने पेला खाली ठेवला. त्या दिवशी अंगणात तिने जे तोंडसुख घेतलं होतं, त्याची मी वाट बघत होते. ते मिळालं असतं तर बरं वाटलं असतं.

"न पुसणारं पेन आहे?" तिने विचारलं.

मी लेकीच्या टेबलावरचं जाड काळं पेन आणून दिलं. तिने एकेक बाटली पिशवीतून काढली आणि चिठ्ठीच्या खाली, थेट बाटलीवर, तेच नाव पुन्हा लिहिलं. प्रत्येक नाव अंगठ्याने घासून पाहिलं. निघत नाही अशी खात्री झाल्यावर सगळ्या बाटल्या माझ्या पुढ्यात सरकवल्या.

मग तिने पेला उचलला आणि पाणी प्यायली.