कार्बाइडवाला

कारखान्यात लेथवर लोखंड कातत बावीस वर्षं काढलेला हा टर्नर बोलण्याच्या बाबतीत पक्का कंजूष. पोस्टातल्या काउंटरवरची बाई त्याला आवडली, तर या गड्याने वर्षभर तिच्याकडून तिकिटं घेतली. पत्र मात्र एकही लिहिलं नाही. शेवटी तिनेच विचारलं, "लिहिता तरी कुणाला?" तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली आणि रविवारी तो तिच्या घरी मागणी घालायला गेला.

घरात आत्याचं राज्य. आईवडिलांमागे तिनेच भाचीला वाढवलेलं, त्यामुळे तिने नाक मुरडलं की विषय संपला.

"काम काय करता?" आत्याने विचारलं.

"कार्बाइडवर असतो. दिवसभर."

आत्याचा चेहरा आंबट झाला. मागच्याच महिन्यात कार्बाइडने पिकवलेली केळी खाऊन तिचं तोंड आठवडाभर सोलवटलं होतं.

"म्हणजे लोकांच्या पोटात विष घालता! आणि वर सांगताय तोंड वर करून!"

आता मूग गिळून बसलो तर ही हातची जाणार, एवढं टर्नरला कळलं. त्याने खिशातून तीन कोपऱ्यांची, मधे भोक असलेली, लेथच्या हत्याराला लावायची पिवळीधमक टिप काढली.

आत्या जरा नरमली. "सोन्याची?"

"नाही. कार्बाइडची."

"पुन्हा तेच!"

मग मात्र बावीस वर्षांचं साठलेलं बाहेर पडलं. फळवाल्यांचं कार्बाइड वेगळं, ओल लागली की वायू सोडणारं. हे टंगस्टनचं. दोन्हींत कार्बन, म्हणून नाव एक. बाकी काडीचं नातं नाही. ही टिप बटाटा सोलावा तसं पोलाद सोलते. एवढ्यावर न थांबता पठ्ठ्याने आत्याच्या नव्याकोऱ्या स्टीलच्या ताटावर रेघ ओढून दाखवली. आत्याने ताट हिसकावून घेतलं.

"आणि हातातून पडली तर?" भाचीने विचारलं.

"टवका उडतो. कठीण असते, पण धक्का सोसत नाही."

"आणि तुम्ही?"

त्याने मान खाली घातली. इतका घाबरलेला तो आयुष्यात कधी नव्हता.

"माझंही तसंच."

आत्या पदराने ताटावरची रेघ पुसत होती. ती काही पुसली जाईना.

"आत्या, ऐकलंस ना?" भाची म्हणाली. "नकार द्यायचा असेल तर जरा बेताने दे."

"मी कशाला देऊ? तुला द्यायचा असेल तर तू दे."

"मला नाही द्यायचा," ती म्हणाली.