दार्सोनोंचं बटण

आमच्या शेजारच्या तिऊर्माबाईंनी कारखान्यातल्या संगणकांवर कोंबड्याचं रक्त शिंपडलं, अशी बातमी त्या शनिवारी दुपारी अख्ख्या चेपेर गावभर झाली. खरं एवढंच, की प्रिंटरच्या लाल शाईची बाटली त्यांच्या हातून निसटली आणि दोन कीबोर्ड आणि एक भिंत रंगली. रक्त मी घातलं. कोंबडा सोतोच्या, म्हणजे कोंबडीच्या रश्श्याच्या, गाडीवाल्याने घातला. एकट्याच्या जिवावर बातमी मोठी होत नाही.

तिऊर्मा हुतासोइत म्हणजे तोबा सरोवराकडची, बाताक जमातीची बाई. नवऱ्याच्या नोकरीपायी आमच्या जावात आली, त्याला अकरा वर्षं झाली. आवाज मात्र अजून सरोवराच्या पलीकडच्या काठावर पोचेल असाच. आमच्या गल्लीत शेजाऱ्याचं घर पेटलं तर लोक विचारतात, "आज जरा उकडतंय, नाही?" आणि ही बाई कुंपणावरून माझ्यावर ओरडते, "पाक गितो, तुमची कोंबडी माझ्या मिरच्या खाते. उद्या आली तर मिरच्यांसकट शिजवीन." गल्लीत तिचं कुणाशी पटत नाही. माझंही नाही. म्हणूनच तर तिच्याबद्दल मला सगळं माहीत असतं.

आम्ही दोघंही हाजी मुन्ताहांच्या ओतकामाच्या कारखान्यात. मी लाकडी साचे कापतो, ती ड्रॉइंगच्या खोलीची प्रमुख. त्या खोलीत तिच्या हाताखाली पाक दार्सोनो, 'पाक' म्हणजे आमच्याकडचं 'राव'. वय अठ्ठावन्न, शर्ट कडक इस्त्रीचा, बोलणं गुळाच्या पाकासारखं. प्रमुखाची खुर्ची आपलीच, असं त्यांना वाटत होतं. बाईंना ती मिळाल्यापासून ते बाईंशी इतके गोड वागत, की बघणाऱ्याला भीती वाटावी.

आमचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर अठरा वर्षं जुनं. पंपवाल्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या नव्या फाइली त्यात उघडेनात. हाजींनी बाईंना बोलावून सांगितलं, "नवीन घ्या. पण पुढच्या सोमवारी संध्याकाळपर्यंत काम पहिल्यासारखं चाललं पाहिजे. नाही चाललं, तर जुनं परत आणायचं आणि खोली दार्सोनो बघतील." हाजीही गोडच बोलतात. पण खुर्ची जाणार हे बाईंना कळलं, दार्सोनोंना कळलं, आणि दाराबाहेर मी होतो, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना कळलं.

बाईंनी योजना भिंतीवर चिकटवली. आधी सगळ्या फाइलींची प्रत काढायची. मग एकाच संगणकावर नवीन बसवून वीस जुनी ड्रॉइंगं उघडून बघायची. ठीक दिसली तर शनिवारी सगळीकडे बसवायचं. जुनं दोन आठवडे पुसायचं नाही. आणि पहिला आठवडा साचेखात्याकडे जाणारा प्रत्येक कागद जुन्या कागदावर ठेवून ताडायचा.

मग सगळ्यांना उभं करून त्यांनी विचारलं, "कुणाच्या संगणकावर स्वतःचं असं काही आहे का? एखादा छोटा प्रोग्राम, खास बटण? आत्ताच सांगा. पाक दार्सोनो, तुमच्याकडे? असेल तर मला दाखवाल ना?"

"इंग्गिह, बू," दार्सोनो मान लववून म्हणाले.

"इंग्गिह, बू," मागून सगळे म्हणाले.

'बू' म्हणजे बाई, आणि आमच्यात 'इंग्गिह'चा अर्थ 'हो' आहे खरा. पण चारचौघांत वडीलधाऱ्याला असा थेट प्रश्न टाकला की तोच शब्द 'तुमचा आवाज पोचला' एवढंच सांगतो. खरं उत्तर हवं असेल तर संध्याकाळी त्याच्या ओसरीवर जायचं, उकडलेल्या शेंगा न्यायच्या, त्याच्या पारव्याचं घुमणं ऐकून 'वा' म्हणायचं, आणि निघताना चपला पायात सरकवता सरकवता विचारायचं. मी कुंपणावरून हे बाईंना सांगितलंही. दया आली म्हणून नव्हे, त्या काय म्हणतात ते ऐकायचं होतं म्हणून.

"ओसरीवर? शेंगा घेऊन?" त्या कडाडल्या. "मी काय त्यांच्या मुलीला मागणी घालायला चाललेय? पगार ऑफिसात घेतात, उत्तर ऑफिसात देतील."

"तुमची मर्जी, बू."

"आणि ती कोंबडी आवरा."

वीस ड्रॉइंगं नीट उघडली. शनिवारी सगळीकडे नवीन बसलं, शाई सांडली, रक्ताची बातमी झाली. सोमवारी सकाळी दार्सोनोंनी पंपाच्या बॉडीचा पहिला कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. दोन्ही हातांनी, अदबीने.

मी पट्टी लावली. बाहेरचा गोल सातशे मिलिमीटर. आता बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस थंड होताना आकसतो, म्हणून साचा शंभराला एक मोठा कापतात. दरवेळी सातशे सात यायचे. मी दार्सोनोंकडे पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. आणि मी करवतीला तेल घालत बसलो. बोलायला हवं होतं. पण पुढे काय होतं ते बघायचं होतं, आता खोटं कशाला सांगू?

पावणेदहाला बाई जुना कागद घेऊन आल्या. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. सात मिलिमीटर.

"पाक दार्सोनो!"

म्हातारा सावकाश आला.

"हा फरक कशाने?"

"माझं एक छोटंसं बटण होतं, बू. दाबलं की साच्याचं माप वाढायचं. नव्यात ते दबतं, पण करत काही नाही."

"मी विचारलं होतं."

"इंग्गिह."

"आणि तुम्ही कागद तसाच आणून दिलात? पाक गितो लाकूड कापून मोकळे झाले असते!"

"मला वाटलं, बूंना माहीतच असेल. बू प्रमुख आहेत."

कुणीतरी मागे खोकल्याच्या नावाखाली हसलं. तेवढ्यात हाजी आले. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली हे मला विचारू नका. कागद बघून ते हळूच म्हणाले, "मग जुनंच बरं होतं, नाही का, बू?"

"संध्याकाळ म्हणाला होतात," बाई म्हणाल्या. "आत्ता दहा वाजलेत."

त्या तडक दार्सोनोंच्या खुर्चीत जाऊन बसल्या. विचारलंसुद्धा नाही. म्हातारा अठरा वर्षांत पहिल्यांदाच स्वतःच्या टेबलापाशी उभा राहिला. जुनं सॉफ्टवेअर अजून तिथेच होतं. बाईंनी ते उघडून बटणाच्या पोटातलं सगळं बाहेर काढलं, तर निघाल्या दोन ओळी. बीडाला शंभरास एक, पोलादाला शंभरास दोन. अठरा वर्षं ज्या विद्येपुढे आम्ही वाकून चालत होतो, ती एवढीच. दार्सोनोंचे कान लाल झाले. मला वाईट वाटलं, पण थोडंच.

जेवायच्या आत बाईंनी ते आकडे नव्या सॉफ्टवेअरच्या सामाईक टेम्प्लेटमध्ये घातले, म्हणजे ते प्रत्येकाच्या संगणकावर आले आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात छापूनही येऊ लागले. नवा कागद निघाला. काचेवर धरला. रेघेवर रेघ बसली. मग जुने नऊ कागद ताडले, तेही बसले. हाजी म्हणाले, "बरं, नवीनच राहू दे," आणि नमाजाला निघून गेले. खुर्ची वाचली. बाईंना शाबासकी कुणी दिली नाही, त्यांनीही कुणाची वाट पाहिली नाही.

मी करवत लावणार, तोच दार्सोनो आले. कागदाच्या कोपऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं. तिथे आकड्यांखाली छापलं होतं, 'हिशेब : दार्सोनो'.

"एवढा आरडाओरडा केलात, बू," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं गोड हसत म्हणाले, "आणि शेवटी वापरलंत माझंच गणित."

तिऊर्माबाई म्हणाल्या, "हो, तुमचंच आहे. म्हणून तर नाव घातलंय. माप चुकलं की आता लोक थेट तुमच्याकडे येतील."