बिनपरांचीची खिडकी

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी धुळ्याला सासरवाडीला गेलो, तेव्हा सकाळी सासऱ्यांनी विचारलं, झोप नीट लागली ना? लागली होती, अगदी ढाराढूर. पण नुसतं 'हो' म्हणणारा जावई फारच साधा वाटेल, म्हणून मी चहाचा घोट घेत म्हणालो, "वरच्या खोलीची खिडकी जरा खडखडते." जावयाने कशाला तरी नाक मुरडलंच पाहिजे, अशी तेव्हा माझी समजूत होती. कुठून आली देव जाणे. माझ्या वडिलांनी तर आयुष्यात सासरवाडीत मीठसुद्धा मागून घेतलं नव्हतं.

सासऱ्यांना सगळी गल्ली नाना म्हणायची, म्हणून मीही नाना म्हणू लागलो होतो. त्यांची शेती खेड्यात. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी धुळ्यात घर बांधलं होतं; खाली दोन खोल्या, वर एक खोली आणि त्यावर गच्ची. माझं वाक्य मी जळगावला घरी पोचेपर्यंत विसरलो. नाना विसरले नाहीत.

पुढे धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून जेवू घालायचं, जावयाला अनारशांचं वाण द्यायचं, अंगभर नवे कपडे करायचे, ही आमच्याकडची रीत. आम्ही जळगावातल्या पिंप्राळ्याहून निघून सकाळच्या एसटीने धुळ्याला पोचलो, तर घरासमोर बोळात एक नवी कोरी लोखंडी खिडकी भिंतीला टेकून उभी होती आणि वरून ठोकाठोकीचा आवाज येत होता. बायको म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात ना, म्हणून." माझे कान गरम झाले. आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

खिडकी आम्ही यायच्या आधीच बसायची होती, पण लोखंडवाल्याने उशीर केला होता. जुनी लाकडी चौकट वाळवीने खाल्लेली आणि बाहेरच्या बाजूने बसवलेली. आतून ढकलली असती तर बोळातून जाणाऱ्याच्या डोक्यात पडली असती. बोळात उघडी गटार, त्यामुळे शिडीला पाय रोवायला जागा नाही. मिस्त्रीचं म्हणणं सरळ होतं, परांची बांधा. नानांनी बल्ल्या, म्हणजे परांचीचे लाकडी वासे, भाड्याने देणाऱ्याकडे चौकशीही केली होती. बल्ल्यांचं भाडं वेगळं, बांधायची मजुरी वेगळी, सोडायची वेगळी, आणि एका दिवसाचं काम असलं तरी भाडं आठवड्याचं. एका खिडकीसाठी खिडकीपेक्षा जास्त खर्च उभं राहायच्या जागेचा, हे नानांच्या गळी उतरेना. शिवाय जावयाचे कपडे, अंगठी, लेकीची साडी समोर उभी होतीच. तिथे हात आखडायचा नाही, हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. म्हणून तो परांचीवर आखडला.

त्यांनी गावाहून विहिरीचा दोर, चाक आणि पाळणा आणला. विहिरीतला गाळ काढताना माणसाला ज्या लाकडी पाळण्यात बसवून खाली सोडतात, तो. गच्चीच्या कठड्यावरून एक जाड बल्ली बाहेर काढली, तिच्या मागच्या टोकावर सिमेंटची पोती रचली, पुढच्या टोकाला चाक बांधलं आणि पाळण्यात मिस्त्रीला बसवून खिडकीसमोर सोडलं. मिस्त्री कुरकुरला, तर नाना म्हणाले, "आमनी इहीरमा बठ्ठा मानसं याच दोरवर उतरतस. आजलोंग कोनले काही व्हयनं नई."

त्या दोरावर आजवर कुणालाच काही झालं नव्हतं, हे खरंही होतं. पण विहिरीत माणूस तळाला टेकला की वरच्यांनी दोर सैल सोडायचा आणि बिडी पेटवायची. खिडकीला तळ नसतो. मिस्त्री काम करील तितका वेळ त्याला हवेत धरून ठेवायला हवं होतं. आणि त्यांच्या गावची आणखी एक रीत म्हणजे दोराला माणूस असला की दोर खांबाला बांधायचा नाही, हातात धरायचा. जिवंत माणूस माणसाच्याच हाती असावा म्हणून. गच्चीवर पाण्याच्या टाकीचा चांगला मजबूत खांब होता, पण तो कुणाच्या डोक्यातच आला नाही. दोर धरून उभे होते साठीचे नाना आणि त्यांच्याच वयाचे शेजारचे आबा.

मी गंमत बघायला वर गेलो, तर माझ्यामागून खुर्ची आली. सासूबाईंनी कुंकू लावलं, नवे पांढरे कपडे घालायला लावले, हातात अनारशांची बशी दिली. मी म्हटलं, मी धरू का जरा दोर? सगळे असे हसले, जणू मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटायची परवानगी मागितली होती. वास्तविक जळगावला मी रोज तालमीत जात असे. त्या गच्चीवर सगळ्यात दणकट माणूस मी होतो आणि मी अनारसा खात होतो.

बायको चहाचा ट्रे घेऊन वर आली आणि त्याच वेळी जुनी चौकट निघाली. ती अचानक सुटून मिस्त्रीच्या मांडीवर आली. पाळण्याचं वजन एकदम वाढलं, आबांचा पाय टाकीखालच्या ओलीवर घसरला, त्यांच्या हातातून दोर सुटला आणि ते बसकण मारून पडले. दोर सरसरत निघाला. नाना एकटे त्याला लटकले आणि ओढले जात कठड्यापर्यंत गेले. दोन्ही पाय कठड्याला लावून त्यांनी दोर थांबवला. खालून मिस्त्री ओरडला, "धरा हो! धरा!"

मी उठलो, एक पाऊल पुढे टाकलं. नानांनी मान वळवली. चेहरा लालबुंद, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि ते ओरडले, "तुम्ही नई, जवाईबापू! तुम्ही बठा!"

आणि मी थांबलो.

बसलो नाही, एवढंच. खाली एक माणूस लोंबकळत होता, समोर म्हातारा कठड्यावरून जायच्या बेतात होता आणि मला मोठ्यांचा शब्द मोडवेना. शिवाय अंगावरचे पांढरे कपडे काथ्याने खराब होतील, असंही क्षणभर मनात येऊन गेलं. ते आठवलं की आजही मला माझी किळस येते.

बायकोने ट्रे माझ्या हातात कोंबला, पदर खोचला आणि वडिलांच्या मागे जाऊन दोर धरला. तोवर आबाही उठले. तिघांनी मिळून हात-हात दोर सोडत पाळणा बोळात उतरवला. मी ट्रे धरून उभा होतो. एकही कप सांडला नाही, इतकं चोख काम मी केलं. कठड्यावरून वाकून पाहिलं तर गल्ली जमलेली. मिस्त्री गटारीच्या काठावर बसला होता. त्याने वर बघितलं, तर त्याला कठड्यावर मी दिसलो, कपाळाला कुंकू आणि हातात चहा.

"परांची बांधशान तवच बलावा," एवढं म्हणून तो निघून गेला. नानांनी तेव्हाच आबांना बल्लीवाल्याकडे पाठवलं. भाव करू नका, म्हणाले. भिंतीच्या भगदाडाला ताडपत्री लावली आणि घर जेवणाच्या तयारीला लागलं.

मला वाटलं, आता बाकीचं सगळं रद्द होईल. कुणीतरी मला शिव्या घालील. मी त्याची वाटच बघत होतो. बायकोने निदान एक शब्द बोलावा. ती पाट मांडत होती. मी पाटावर बसलो आणि नाना माझे पाय धुवायला आले.

दोराने त्यांच्या दोन्ही तळहातांची सालटी निघाली होती. सासूबाईंनी हळद भरून चिंध्या बांधल्या होत्या, त्या त्यांनी सोडून ठेवल्या. बांधलेल्या हाताने पाय धुतलेले चालत नाहीत म्हणे. मी म्हटलं, "नाना, राहू द्या. खरंच राहू द्या." पाय मागे ओढला. त्यांनी घोटा पकडून तो परातीत ठेवला. बायको तांब्याने पाणी घालत होती. ते उघड्या मांसाने माझी पावलं चोळत होते आणि दर वेळी पाणी लागलं की दातांतून श्वास ओढत होते. परातीतलं पाणी आधी पिवळं झालं, मग तांबूस.

पाय पुसून झाल्यावर नानांनी हात जोडले. मला वाटलं, तोही रिवाजाचाच भाग असेल.

"माफ करज्यात, जवाईबापू," ते म्हणाले. "सणना दिन, आनि तुमना समोर असं व्हवाले नको व्हतं."

बायकोने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली होती.

मी म्हणालो, "असू द्या."