सडा न टाकलेलं अंगण

तुम्ही दोघं नातवंडं व्हिडिओ कॉलवर कुत्रा दाखवायला सांगता, तेव्हा मी मोबाईल असा धरते की खालची फरशी दिसू नये. तो शेपूट हलवतो, तुम्ही हसता, आणि माझं सगळं लक्ष त्याच्या मागच्या पायांकडे असतं. तुम्हाला तो फार गुणी वाटतो. तसा तो आहेही. फक्त तो घरात घाण करतो, रोज करतो, आणि त्याचं काय करावं हे मला कळत नाही.

आजोबांच्या धाकट्या बहिणीने त्याला अर्जुनी मोरगावहून आणून दिला. धान निघाल्यावर तिने शेत ठेक्याने दिलं आणि ती मुलाकडे नागपूरला राहायला गेली. तिथल्या फ्लॅटमध्ये कुत्रा ठेवता येत नव्हता. "वहिनी, शहाणा आहे, काही त्रास नाही देणार," असं म्हणून तिने दोरी माझ्या हातात दिली. मी नाही म्हणणारच होते, पण आजोबा खुर्चीतून म्हणाले, "राहू दे न."

लकवा मारल्यापासून ते एवढं तरी पहिल्यांदाच आपणहून बोलले होते. त्यांचा उजवा पाय ओढला जातो हे तुम्ही पाहिलंच आहे. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रोज सांगायची, "आजोबा, चाला, नाहीतर पाय आखडेल." ते मान हलवायचे आणि बसून राहायचे. मी वेळ ठरवून दिली, आठवण करून दिली, रागावले. काही उपयोग झाला नाही. आणि कुत्रा आल्यावर एका सकाळी पाहते तर हे भिंतीला धरून स्वयंपाकघराकडे निघालेले. कशाला? तर त्याला शिळी पोळी द्यायला. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ते पोळीसाठी जातात आणि येतात. बैठकीतून, म्हणजे नेमकं जिथे कुत्रा घाण करतो तिथूनच.

माझी अडचण एवढीच आहे. ज्याच्यामुळे ते चालायला लागले, त्याच्याच ओल्यावरून ते घसरतील.

मी पद्धतशीरपणे सुरुवात केली. कुत्रा आल्यावर तुम्ही हौसेने पाठवलेले इंग्रजी व्हिडिओ पाहिले. कुत्रा उठला की बाहेर न्यायचा, जेवला की बाहेर न्यायचा, योग्य जागी बसला की लगेच शाबासकी आणि बिस्किट. मी बिस्किटं पदराला बांधून अंगणात उभी राहायची. तो भिंतीच्या कडेकडेने अंग चोरून फिरायचा, अंगणाच्या मध्ये पाऊलही टाकायचा नाही, आणि माझ्याकडे असा बघायचा की जणू मीच काहीतरी विसरले आहे. फाटकाबाहेर न्यावं तर गल्लीतले कुत्रे अंगावर यायचे. मग आम्ही आत यायचो, आणि खाट आणि दार यांच्यामध्ये, अगदी मोकळ्या मनाने, त्याचं होऊन जायचं. मी "नो!" म्हणून ओरडले की तो कान पाडून बसायचा आणि भीतीने आणखी थोडं व्हायचं. योग्य जागा कधी आलीच नाही, त्यामुळे बिस्किटं पदरातच मऊ पडली.

कामाला येणारी बाई पोछा पिळता पिळता त्याला म्हणायची, "काऊन रे, एवढं मोठं आंगन दिसत नाही का तुले?" आणि मला म्हणायची, "आजी, हा मुद्दामच करून राह्यला."

मला तसं वाटत नव्हतं. उलट मला वाटलं, जागा त्याला पसंत नसेल. म्हणून रोजच्या शेणाच्या सड्याशिवाय फाटकाजवळचा कोपरा मी त्याच्यासाठी मुद्दाम शेणाने घट्ट सारवून घेऊ लागले. स्वच्छ, गार, एक खडा नाही. मलाच तिथे बसावंसं वाटलं असतं.

मग एके दिवशी आजोबांचा पाय सरकला. खिडकीचा गज हातात आला म्हणून पडले नाहीत. मी तुमच्या बाबांना फोन केला, कारण काही लपवायचं नाही असं माझं त्यांच्याशी ठरलं आहे.

"आई, पुरे झालं," ते म्हणाले. "कोहमाऱ्याला माझा एक ओळखीचा आहे, त्याचा ढाबा आहे. तो नेईल. तिथे त्याला हाडं मिळतील, मजेत राहील."

"हायवेवर? एवढ्या ट्रकांमध्ये?"

"मग बाबा पडू देत का?"

रविवारी माणूस येईल असं ठरलं. आजोबांनी सगळं ऐकलं होतं. त्या संध्याकाळी ते पोळी द्यायला उठले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सकाळी उठून मी नागपूरला फोन लावला. नणंदेने कुत्रा परत न्यावा, निदान गावी कोणाला तरी सांगावं, अशी आशा होती.

"घरात करते?" ती ओरडलीच. "बाप्पा! आमच्याकडे तं कधी नाही केलं त्यानं."

"मग कुठे करायचा?"

"धुऱ्यावर, बांधाच्या गवतात. खळं सारवलं का तिकडे पायही नव्हता टाकत. लहान होता तेव्हा एकदा खळ्यातल्या धानावर बसला, तं घरच्यानं असा बदडला का विचारू नका. तेव्हापासून शेणाचा वास आला का दूर पळे. म्हटलं न, शहाणा आहे."

मी फोन कानाला धरूनच अंगणाकडे पाहिलं. सकाळचा सडा वाळत होता. त्या कोपऱ्यातलं सारवण तर अजून ओलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सडा बंद केला. कामवाली बाई बादली धरून उभीच राहिली. "आजी, असं नका करू. लोक काय म्हनतीन?" लोक काय म्हणतील हे मलाही ठाऊक होतं. आपल्याकडे सडा-रांगोळी थांबते ती घरात कोणी गेल्यावर. पण मी म्हटलं, रविवारपर्यंत एवढंच माझ्या हातात आहे.

त्याच आठवड्यात एका सकाळी शेजारच्या बाई डोक्यावर पदर घेऊन आल्या. चपला फाटकाशीच काढल्या आणि माझा हात धरून हळू आवाजात म्हणाल्या, "काऊन सांगतलं नाही जी वहिनी? रात्रीच झालं का?"

मला आधी समजलंच नाही. खिडकीतून आजोबांचा आवाज आला, "आहो ना मी अजून. कुत्र्यासाठी बंद केला सडा."

"अगं माय!" त्या मटकन पायरीवर बसल्या. "भाऊजी, माझा तं जीवच गेल्ता!" मग त्यांना हसू आलं. "कुत्र्यासाठी सडा बंद. आता बिल्ली पाळा न् चूल बंद करा." आजोबाही हसले, तोंड जरा वाकडं होत असलं तरी हसले. त्या चहा पिऊन गेल्या.

मला मात्र हसता आलं नाही. अंगण कोरडं, धुळकट, झाडूचे फराटे उमटलेलं. रोज दार उघडलं की ते दिसायचं आणि मी मागे वळून आधी आजोबांची छाती वरखाली होते आहे का ते बघायची.

आणि कुत्रा? त्याच्यात काही फरक नव्हता. इतक्या वर्षांचा शेणाचा वास त्या मातीत मुरलेला. धुऊन काढावा म्हणून मी पाणी मारलं, तर वास उलट आणखी वर आला. कुत्र्याने हुंगलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो आत गेला.

रविवारी सकाळी तो अंगणातल्या नळाच्या मागे, जिथे शेवाळ आणि थोडं गवत आहे, तिथे जाऊन बसला. मी पाहिलं. धावत बिस्किट आणायला गेले, परत येईपर्यंत तो आत शिरला होता आणि खाटेपाशी उरलेलं झालं होतं. आता याला काय म्हणायचं? तो शिकला म्हणायचं की नाही?

तेवढ्यात ढाबेवाला मोटारसायकलवर आला. सोबत साखळी आणली होती. माणूस भला होता, कुत्र्याला त्याने कुरवाळलंही. "नेऊ न मॅडम?"

आजोबा खुर्चीतून उठले, भिंत धरून दारापर्यंत आले. नेऊ नका असं ते म्हणाले असते तर मी भांडले असते. न्या म्हणाले असते तर सुटले असते. ते नुसते माझ्याकडे बघत उभे राहिले, आणि त्यांच्या पायाशी कुत्रा.

"आज राहू द्या," मी म्हटलं.

"मॅडम, पक्का फैसला करून सांगा. ढाबा सोडून येतो मी."

मी ढाबेवाल्याला चहा दिला. तो गेला. तुमच्या बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "आणि उद्या बाबा पडले तर?"

"माहीत नाही," मी म्हटलं. मुलाला असं उत्तर मी कधी दिलं नव्हतं.

बैठकीत आता जुनी पोती अंथरली आहेत. ती भिजतात, मी धुते, उन्हात घालते. नळामागे तो कधी जातो, कधी नाही. पोत्यात पाय अडकूनही माणूस पडू शकतो, हे तुमचे बाबा सांगायच्या आधीच मला सुचलं आहे. त्यावर उपाय सुचलेला नाही. तुम्हाला काही सुचलं तर कळवा, पण व्हिडिओ पाठवू नका. आजोबा आत्ता पोळीसाठी उठलेत, मला जायला हवं.