आईचा धानोऱ्याचा प्रवास

चांद्याला आम्ही परकोटाच्या आत राहत होतो. एक खोली, तिच्यापुढे ओटा, आणि ओट्यावरून दिसणारा मोटार स्टँड. वडील सरकारी कचेरीत शिपाई होते. आमच्या घरात चौथीच्या पुढे शाळेत गेलेली मी पहिली, आणि पुढे पदवी घेतलेलीही मीच पहिली. ते कोणाच्या जिवावर झालं हे मी विसरलेली नाही. पण आईबद्दल लिहायला बसले की तिचे कष्ट आधी आठवत नाहीत. तिची दुपार आठवते.

भांडी घासून झाली की ती गुळाचा चहा करायची. पितळी पेल्यातला चहा बशीत ओतायचा, भाजलेल्या जवसाची चिमूट तोंडात टाकायची आणि ओट्यावर बसून स्टँडवरच्या मोटारी पाहायच्या. एवढीच तिची चैन. तिला वाचता येत नव्हतं, पण कोणती मोटार कुठली हे ती रंगावरून आणि आवाजावरून सांगायची. वडील साहेबांबरोबर दौऱ्यावर जात. ते परत आले की ती त्यांना वाटेतली गावं विचारून घ्यायची. मूल, सावली, मग वैनगंगा, मग गडचिरोली. चहाच्या प्रत्येक घोटाला एक गाव मागे पडायचं.

शेजारच्या शिंप्याची बायको तिची थट्टा करायची.

"काय व बाई, आज कुठी गेल्या होत्या?"

"अहेरीले."

"अन् सैपाक कोनं केला?"

"तिथूनच करून आणला. वांगे स्वस्त होते."

प्रवासात कोणतं लुगडं नेसायचं, पाण्याचा तांब्या कोणी धरायचा, कोणत्या झाडाखाली शिदोरी सोडायची, सगळं तिचं ठरलेलं होतं. पण शिदोरी सुटली की ती गप्प व्हायची. जेवणाच्या पुढे तिचा प्रवास कधी गेला नाही. जेवल्यावर काय होतं ते तिला सुचतच नसे. खरं म्हणजे माहेर आणि सासर सोडलं तर ती कुठेही गेलेली नव्हती, आणि ती दोन्ही गावं चांद्यापासून बैलगाडीच्या वाटेवर होती.

मी चौथीत असताना वडिलांची बदली धानोऱ्याला झाली. आईने लगेच ट्रंक पुसायला काढली. वडिलांनी ती परत खाटेखाली सरकवली.

"तिथलं पाणी लागते. पोरीले नाई नेत मी."

"मी तर येतो ना," आई म्हणाली.

"अन् पोरीची शाळा?"

तिथे विषय संपला. वडील एकटे गेले. दर पंधरवड्याला त्यांचं कार्ड यायचं. त्यांचं अक्षर जाड आणि आडवं होतं, ओळी खाली घसरत जायच्या. मी ते वाचून दाखवायची आणि आई कार्ड उलटसुलट करून पाहायची, जणू मागच्या बाजूला जंगल दिसणार होतं.

दिवाळीनंतर कार्ड आलं नाही. तीन आठवडे गेले. आई ओट्यावर बसायची, पण गावं मोजायची नाही. धानोऱ्याकडून आलेल्या माणसांना तिने स्टँडवर जाऊन विचारलं. एक जण म्हणाला, "तिकडं यंदा घरोघरी ताप हाय, बाई." दुसरा नुसता तिच्याकडे पाहून मोटारीत चढला.

मग कार्ड आलं. अक्षर बारीक आणि सरळ होतं. मी वाचलं, "तब्येत ठीक आहे. काळजी करू नये. मुलीला शाळेतून काढू नये."

"हे अक्षर तुह्या बाबाचं हाय?"

"नाई."

आईने शेवटची ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मी वाचली. तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाली, "पोरीले शाळेतून कोण काढून राह्यलं? हे काऊन लिहिलं त्याईनं?"

मला तेव्हा कळलं नाही. माणूस आपल्यामागची सोय कधी लावतो ते मला फार पुढे कळलं. आईला तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीत आम्ही दोघी बसलो होतो.

त्या प्रवासाबद्दल मी एक गोष्ट खरी सांगितली पाहिजे. आईला तो आवडला. मूल गाव येईपर्यंत ती पदर तोंडावर घेऊन बसली होती. मग हळूच तिने पदर बाजूला केला. मोहाची झाडं, तळ्याची पाळ, कापलेलं धान, तिची नजर सगळ्यांवरून फिरू लागली. सावली आली तेव्हा तिने मला कोपराने ढोसलं, "हे पाय, सावली." वैनगंगेवर मोटार थांबली. पलीकडे दुसरी मोटार उभी होती, मधे डोंगा. डोंगा नदीच्या मधोमध आला तेव्हा आईने पाण्यात हात घातला आणि ती हसली, आवाज करून हसली. डोंगेवाल्याने वळून पाहिलं. आईने हात चटकन बाहेर काढला आणि लुगड्याला पुसला.

"पाहिलं का? मी हासून राह्यली," ती मला म्हणाली. तिचा चेहरा असा झाला होता जणू तिने चोरी केली होती. पलीकडच्या काठावर आम्ही शिदोरी सोडली, पण तिने घास खाल्ला नाही. तिथून पुढे ती एक शब्द बोलली नाही.

त्या दिवशी गडचिरोलीला ओळखीच्या घरी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी धानोऱ्याची मोटार नव्हती. बाजाराचा माल नेणारा एक ट्रक मिळाला. मिठाच्या पोत्यांवर दहाबारा माणसं बसली होती. माझ्या शेजारी एक गोंड म्हातारी होती, मांडीवर मिरच्यांचं गाठोडं. गाव सुटलं आणि दोन्ही बाजूंनी झाडं जवळ आली. बांबूची बेटं रस्त्यावर वाकलेली होती. ट्रकचा आवाज सोडला तर कशाचाच आवाज नव्हता. माणसंही हळूहळू बोलायची थांबली.

धानोऱ्याच्या अलीकडे दोन कोसांवर ड्रायव्हरने गाडी उभी केली.

"उतरा सारे. डगाल टाका."

रस्त्याच्या कडेला डहाळ्यांचा ढीग होता, कमरेइतका उंच. वरच्या डहाळ्या हिरव्या, खालच्या वाळून काळ्या पडलेल्या. प्रत्येक जण उतरला, झाडाची एक डहाळी मोडली, ढिगावर टाकली आणि वळून चालू लागला.

"मागच्या खेपेले हा उतरला नाई, तर टायर फुटला," एक जण ड्रायव्हरकडे बोट दाखवून म्हणाला.

"टायर जुना होता म्हणून फुटला," ड्रायव्हर म्हणाला. पण तोही डहाळी मोडायला गेला.

आईने विचारलं नाही. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला माणसं काही वाहत असतील तर तो देव असतो. तिने पुडीतलं कुंकू काढून ढिगावर टाकलं, गुडघे टेकले, डोकं ठेवलं. आणि कधी न घेतलेलं वडिलांचं नाव तिने घेतलं. पूर्ण नाव, गाव, आणि धानोऱ्याला ते कचेरीच्या मागे राहतात हेही. देवाला घर सापडावं म्हणून.

म्हातारीने मागून तिचा दंड धरला. "बाई, चाल. चाल." आई उठली. उठताना तिने ढिगातली एक डहाळी ओढून पदराखाली घेतली, प्रसाद म्हणून. ते मी पाहिलं. म्हातारीने पाहिलं नाही.

वडील जिवंत होते. कचेरीमागच्या मातीच्या खोलीत खाटेवर पडले होते, डोळे पिवळे, हातांच्या काड्या झालेल्या. आईला पाहून ते म्हणाले, "काऊन आली? पोरीले काऊन आणलं?" आणि भिंतीकडे तोंड करून रडले.

कार्ड लिहिणारा दुसरा शिपाई भला माणूस होता. त्याने आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं. पाळीचा ताप होता, एक दिवसाआड. ऊन उंबऱ्यावर आलं की हुडहुडी भरायची. कंपाऊंडर कोयनेल देऊन जायचा, पण ते पोटात राहत नव्हतं, उलटून पडायचं. "उद्या पाळी हाय. औषध उद्याही पडलं, तर मग…" त्याने रस्त्याकडे पाहिलं. "बैलबंडी सांगून ठेवली हाय गडचिरोलीसाठी. पण एवढा रस्ता ह्या माणसाले झेपते का, सांगता येत नाई."

आईने ती डहाळी वडिलांच्या उशाखाली ठेवली.

सकाळी ट्रकमधली म्हातारी आली. तिचा पाडा जवळच होता. घरात आजारी माणूस आहे हे तिने आईच्या नवसावरूनच ओळखलं होतं. तिने भाताची पेज आणली होती. वडिलांना उठवून बसवताना उशी सरकली. म्हातारीने डहाळी पाहिली आणि पेजेचं भांडं खाली ठेवलं.

"हे कुठचं?"

"त्या देवाचं. रस्त्यावरच्या."

"तो देव नाई, बाई." ती अगदी हळू बोलत होती. "तो माणूस हाय. वाघानं नेला त्याले तिथी. डगाल टाकतो आमी, तो तिथीच राह्याव म्हणून. कोणासंग येऊ नये म्हणून. तू त्याले घर सांगितलं. अन् हातानं घरी आणलं."

वडील अर्धवट झोपेत होते, त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही.

"आता?" आईने विचारलं.

"आणलं त्या हातानं नेऊन ठेव. पायी जा. येताना मागं पाहू नको, कोणी आवाज देला तरी."

ऊन अजून अंगणाच्या कुंपणावर होतं. उंबऱ्यावर यायला दोनअडीच तास होते, आणि जाऊन यायला त्याहून जास्त. पाळीच्या वेळी आई खोलीत नसणार होती. तिने वडिलांची चादर नीट केली. मग तिने मला कोयनेलची पुडी दिली.

"आंग हालाले लागलं की सारं पांघरूण टाकजो. त्याच्या आधी पुडी देजो, अन् गुळाचा खडा. तोंड दाबून धरजो. पडू नको देऊ."

"तू नको जाऊ."

"मी हासली होती, पोरी," आई म्हणाली, आणि निघाली. म्हातारी गावाच्या वेशीपर्यंत तिच्याबरोबर गेली. पुढे एकटीनेच जायचं असतं म्हणे.

मी खाटेजवळ बसले. ऊन कुंपणावरून अंगणात उतरलं, तुळशीच्या खापरापाशी आलं. वडिलांनी डोळे उघडले.

"माय कुठी गेली?"

"पाण्याले."

ते कुशीवर वळले. मग म्हणाले, "मोटारीत कशी बसली होती ती?" मी सांगितलं. डोंग्यातलं हसणं सांगितलं. "हासली?" त्यांनी विचारलं. "मोठ्यानं?" मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या ओठांवर थोडं हसू आलं असावं, पण तेवढ्यात त्यांची नखं निळी झाली.

मी पुडी दिली. गूळ दिला. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. खाट हलू लागली, तिचे पाय जमिनीवर वाजू लागले. चादर, घोंगडी, आईचं दुसरं लुगडं, ट्रंकेतलं सगळं मी त्यांच्या अंगावर टाकलं आणि वर स्वतः आडवी झाले. माझे दातही त्यांच्याबरोबर वाजत होते. दोनदा उमासा आला, दोनदा मी हात काढला नाही. आपण बापाचा श्वास तर कोंडत नाही ना, ही भीती मला अजूनही कधीकधी झोपेतून उठवते.

औषध पोटात राहिलं.

ऊन उंबरा ओलांडून गेलं तरी आई आली नव्हती. वडिलांना घाम सुटून ते निपचित झोपले होते. मी दारात उभी राहिले. कचेरीतला शिपाई दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आला. दिवस कलल्यावर आई दिसली. गुडघ्यापर्यंत धूळ, लुगड्याला बांबूच्या काट्यांचे ओरखडे. रस्त्यावरच्या कोणीतरी तिला हटकलं, पण तिने मान वळवली नाही. सरळ आत आली आणि वडिलांच्या कपाळावर हात ठेवला.

"राह्यलं पोटात?"

"राह्यलं."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मी विचारलं, "मागं पाह्यलं नाई ना?"

आईने मान फिरवली आणि पायातला काटा काढायला घेतला.

मधला एक दिवस गेला. पाळीच्या दिवशी आई सकाळपासून कोयनेल आणि गूळ हातात घेऊन बसली होती. ऊन अंगणात उतरलं, खापरापाशी आलं, उंबऱ्यावर आलं. आम्ही तिघंही त्याच्याकडे पाहत होतो. ते आत आलं, खाटेच्या पायापर्यंत आलं, आणि वडिलांची नखं निळी पडली नाहीत. ताप कोयनेलने गेला. शिकलेली बाई म्हणून मी हेच सांगते, आणि ते खरंही आहे.

"भात हाय का?" वडिलांनी विचारलं.

बाहेर लख्ख दुपार होती. समोर आम्ही आलो होतो तो रस्ता होता आणि त्याच्यावर कोणीही नव्हतं. तरी आई त्या रस्त्याकडे पाहत होती, कोणीतरी मागून चालत येताना पाहावं तशी. मी भाताचं भांडं घ्यायला उठले तेव्हा ती म्हणाली, "थांब. आधी दार लाव."