तुतीच्या रसाने शांत झालेल्या पेशी

प्रयोगशाळेतलं काचसामान माझ्या ताब्यात असे. माझ्या समोरच्या टेबलावर ताई बसत. त्यांचं काम माणसाच्या पेशी जगवण्याचं. उबदार कपाटात, तळव्याएवढ्या चपट्या बाटल्यांत त्या वाढत. दर दोन दिवसांनी त्यांचं गुलाबी पाणी, म्हणजे त्यांचं अन्नच, बदलावं लागे, मग रविवार असो की घरी पाहुणे. ताईंचा नवरा म्हणायचा, "तुझ्या पोरांचं खाणंपिणं उरकलं असेल तर मला चहा मिळेल का?"

"ती तुमच्यासारखी भुणभुण करत नाहीत," ताई म्हणायच्या.

एका वर्षी (साल माझं चुकेल, बाकी चुकणार नाही) रस विकणाऱ्या एका कंपनीने तुतीचा रस तपासायला पाठवला. फळांमध्ये म्हणे शरीराचा गंज थांबवणारं काहीतरी असतं. मला समजलं ते असं : पेशींना आधी रस पाजायचा, मग एक रंग द्यायचा आणि शेवटी त्रास देणारं औषध घालायचं. जितका त्रास, तितकी पेशी यंत्रात चमकते. चमक कमी आली की रस गुणाचा.

रस दाट करत नेला तशी चमक उतरत गेली. सर्वांत दाट रसाला तर जवळजवळ शून्य. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, फक्त नाचायचे बाकी होते.

"शंभर टक्के संरक्षण! ताई, करा सही. रसकंपनीचे मालक वाट बघतायत."

ताईंचं कंत्राट वर्षावर्षाचं. ते त्याच महिन्यात संपत होतं आणि वाढवायचा कागद सरांच्या खणात होता. ताईंनी पेन बाजूला ठेवून दाट रसातल्या पेशींची प्लेट मायक्रोस्कोपखाली सरकवली. मग मला हाक मारली, "भाऊ, बघा बरं."

मला त्यातलं काय कळणार? जिवंत पेशी तळाला चिकटून बसतात एवढंच ऐकून होतो, पण तिथे चिकटलेलं काहीच दिसेना. गोल गोल ठिपके नुसते तरंगत होते.

"मेल्यात," ताई म्हणाल्या. "मेलेल्याला कसला आलाय त्रास?"

सर म्हणाले, "अहो, त्यांनी चमक विचारलीय. जिवंत आहेत का, हे कुठे विचारलंय?"

"मग तुम्हीच सही करा ना, सर."

सरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं. "ज्याने मोजलं त्यानेच करायची असते," म्हणाले. "आणि कंत्राटाचं लक्षात आहे ना?"

"आहे की. रात्रंदिवस तेच आहे."

कागद आठवडाभर कोरा राहिला. तेवढ्या दिवसांत ताईंनी रस पातळ करून पुन्हा मोजलं. पेशी जगल्या, आणि रस न पाजलेल्या पेशींइतक्याच चमकल्या. त्या निकालावर ताईंनी सही केली. वर एक ओळही घातली : दाट रसात पेशी मरतात.

मालक आले, त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "म्हणजे पातळ रसाने अपाय नाही?"

"नाही. उपायही नाही."

"आम्ही पातळच विकतो हो!" मालक खुलले. महिन्याभरात बाटलीवर छापून आलं : 'मानवी पेशींवर तपासलेला रस.' त्यात खोटं काय आहे, ते मला अजून सापडलेलं नाही.

सरांनी कंत्राट वाढवलं, पण वर्षाऐवजी तीन महिनेच.

"पुढचं डाळिंब आहे," कागद देताना ते म्हणाले. "या वेळी जरा सांभाळून घ्या."

"घेते ना," ताई म्हणाल्या. "मेल्या तर लगेच सांगते."