कुत्रं कुठं बांधणार?

मंचरला आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त गुरांचे डॉक्टर राहायचे. रस्त्यावरची जखमी, टाकून दिलेली कुत्री ते पत्र्याच्या शेडमध्ये ठेवत, बरी करत आणि चांगलं घर मिळालं की देऊन टाकत. दोन हजार सालच्या मागेपुढे मी तिथं रोज कुत्र्यांसाठी भात शिजवायला जायचे. डॉक्टरांना ऐकू कमी यायला लागलं तसं कुत्रं मागायला येणाऱ्यांशी बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझी जीभ पहिल्यापासून तिखट, त्यामुळे नाही म्हणायला मी बरी, असं त्यांना वाटलं असावं.

लोकांना वाटायचं, फुकटची कुत्री, कोणी न्यायला आलं तर यांनी हातच जोडायला हवेत. आम्ही मात्र कितीतरी जणांना रिकाम्या हाती परत पाठवायचो. कुणाला पोराच्या वाढदिवसाला पांढरंच पिल्लू हवं असायचं, कुणाची बदली तोंडावर आलेली असायची. त्यांच्याशी निदान वाद घालता यायचा. खरी पंचाईत शेतातल्या वस्तीवरून येणाऱ्यांची. त्यांना मी एकच विचारायचे, कुत्रं रात्री कुठं बांधणार? गोठ्यापाशी, असं उत्तर आलं की मी नाही म्हणायचे आणि पुढं बोलणं वाढू द्यायचे नाही.

मी स्वतः पिंपरी पेंढारच्या वस्तीवर वाढले होते. उसात बिबटे वाढल्यापासून, आमच्याकडे त्यांना वाघच म्हणतात, गोठ्याच्या तोंडाशी साखळीनं बांधलेलं कुत्रं कशासाठी असतं हे मला कोणी सांगायला नको होतं. भुंकायला असतंच. पण वाघ आलाच तर त्यानं कुत्र्यावर भागवावं, शेळ्यांकडे आणि घराकडे वळू नये, यासाठीही असतं. हे कोणी तोंडानं बोलत नाही. एक कुत्रं गेलं की थोड्या दिवसांत दुसरं येतं, साखळी तीच राहते.

एका वर्षी दसरा झाल्यावर माझा थोरला भाऊच शेडवर आला. हातात रिकामी साखळी होती. आदल्या आठवड्यात त्याचं कुत्रं गेलं होतं आणि वाघाचे ठसे पार अंगणापर्यंत आले होते. घरात त्याची चार वर्षांची पोर. सख्खी बहीणच देणारी म्हटल्यावर कुत्रं मिळाल्यातच जमा, असं धरून तो आला होता.

मी त्याला चहा दिला. चहा संपेपर्यंत मला विचारायचा धीर होईना. मग विचारलं, कुठं बांधणार?

तो हसला. "तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"माहीत आहे म्हणूनच नाही म्हणते, दादा."

त्यानं कप खाली ठेवला. "वाघाला काय तरी लागतंच, बाय. कुत्रं न्हाई तर शेळी. आन् शेळी न्हाई तर काय, ते माझ्या तोंडून वदवू नको."

रात्री घरात घे, देते, असं मी म्हणाले. आईच्या देवाऱ्यापुढं कुत्रं बसवू का, म्हणून तो उखडला. मीही काही कमी बोलले नाही. जाताना साखळी उचलत तो म्हणाला, "माझ्या पोरीपरास तुला कुत्रं मोठं झालं."

मला भयंकर राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. पोरीला काही झालं असतं तर सगळ्या माहेरानं माझंच नाव घेतलं असतं. दिवाळीपर्यंत शेजारच्यांचा फोन वाजला तरी मी दारात जाऊन उभी राहायचे.

भाऊबीजेला मी गेलेच. भाऊबीज चुकवण्याइतकं भांडण आमच्यात कधी टिकत नाही. गोठ्याच्या तोंडाशी एक तांबडं कुत्रं बांधलेलं होतं. ओझरच्या कुणाकडून तरी दादानं ते आणलं होतं. साखळी ओळखीची होती, फक्त तिला पोरीनं झेंडूची माळ गुंडाळली होती. पोर दिवसभर त्या कुत्र्याच्या गळ्यात पडलेली. वहिनी बिचारी फराळाशिवाय दुसरा विषयच काढीना.

तिन्हीसांजेला लाइट गेली. वहिनीनं कंदील लावला. दादा टोपी घालून पाटावर बसला, मी तबकातलं निरांजन लावलं. बाहेर कुत्रं सारखं भुंकत होतं. मी दादाला कुंकू लावलं, ओवाळायला तबक उचललं आणि भुंकणं एकदम थांबलं.

दादानं माझ्याकडे पाहिलं. गेलं कुत्रं, असंच दोघांच्या मनात आलं असणार. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "पोर कुठंय?"

दादा रांगोळी तुडवत अनवाणी पळाला. मागोमाग मी, तबक हातात तसंच. पोर गोठ्यापाशी उकिडवी बसली होती, कुत्र्याला भरवायला हातात करंजी घेऊन. कुत्रं तिच्या आणि उसाच्या मध्ये उभं होतं. साखळी ताणलेली, पाठीवरचे केस उभे, दात बाहेर, आवाज नाही. उसात पाचट मोडल्याचा आवाज झाला. काहीतरी जड हललं आणि थांबलं.

दादानं पोरीला काखेत उचललं आणि दुसऱ्या हातानं साखळीचा हूक काढायला लागला. साखळीला इतका ताण होता की एका हातानं हूक निघेना. मी ओरडून म्हणाले, आधी पोरीला घेऊन आत चल. तो जागचा हलला नाही. शेवटी हूक निघाला, आणि कुत्रं आमच्याआधी घरात शिरून, देवाऱ्यापुढून, थेट कॉटखाली गेलं.

वहिनीनं दाराला कडी घातली. करंजी पडली म्हणून पोर रडत होती. निरांजन विझलं होतं, ते मी पुन्हा लावलं. दादा परत पाटावर बसला, मी ओवाळलं. त्यानं ओवाळणीसाठी खिशात हात घातला आणि तो तसाच राहिला.

"आमच्यासारखं कोण आलं तुझ्याकडं, तर निस्तं न्हाई म्हणू नको," तो म्हणाला. "कारण सांग."

"काय सांगू?"

त्यानं कॉटखाली पाहिलं.

"पोरं कुत्र्यामागं जात्यात, म्हणावं."